शनिवार तेल्यांचा घाणा आणि आपल्या स्वयंपाकघरातील तेले



हनुकाच्या निमित्ताने तेलाविषयी चार शब्द बोलावे, असे मला सांगण्यात आले. मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले, त्यामुळे कोणते तेल प्रकृतीला चांगले, हा प्रश्न मला आजही विचारला जातो. अलीकडे त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न येऊ लागला आहे. इस्राएलमध्ये जन्मलेली आपली नातवंडे विचारतात, "ऑलिव्हचे तेल हेच यहुद्यांचे तेल ना? मग घरात दुसरे हवे कशाला?" याचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते आपल्याच पूर्वजांच्या घाण्यापासून सुरू होते.

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबाग, पेण, रेवदंडा, मुरूड या टापूत आपले पूर्वज शेतीबरोबर तेल गाळण्याचा धंदा करीत. बैल घाण्याभोवती फिरे, उखळीत लाट फिरे, तेल वेगळे होई आणि मागे पेंड उरे. शब्बाथच्या दिवशी हे सारे थांबे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली, आणि शनिवारी बंद ठेवणारे आपण शनिवार तेली. गावगाड्याच्या उतरंडीत तेल्याचे स्थान वरचे नव्हते, म्हणून आपल्यापैकी काहींना या नावाची आठवणही नकोशी वाटते. मला मात्र त्याचा अभिमान वाटतो. बाकी तेली जे करीत तेच काम आपण करीत होतो. शेजाऱ्यांनी आपल्याला ओळखले ते आपण न केलेल्या कामावरून.

कोकणात ऑलिव्हचे झाड नव्हते. तेथे तीळ होता आणि नारळ होता. खाण्याच्या तेलाला गोडे तेल म्हणत. करंज आणि उंडी यांचे कडू तेल दिव्यासाठी वापरीत. तिळाच्या तेलात असे काही नैसर्गिक घटक असतात की ते लवकर खवट होत नाही, आणि कोकणच्या दमट हवेत हा गुण मोलाचा होता. शिवाय धर्माचा नियम होता. मांसाबरोबर दूध नाही, म्हणून मटणाच्या रश्श्याला तूप नाही आणि दहीही नाही. त्यांची जागा गोड्या तेलाने आणि नारळाच्या दुधाने घेतली. आपल्या सणाच्या चिकाच्या हलव्यातही नारळाचेच दूध असते, म्हणून तो मांसाच्या जेवणानंतर निःशंकपणे खाता येतो. भूमीने जे दिले आणि नियमाने जे चालू दिले, त्यांच्या मेळातून आपला स्वयंपाक घडला.

हे केवळ आपल्याच बाबतीत घडले असे नाही. पवित्र मंदिरातील दिव्यासाठी तोरेने शुद्ध ऑलिव्ह तेल सांगितले आहे, यात शंका नाही. परंतु घरातील शब्बाथच्या दिव्याची चर्चा मिश्नेत येते, तेव्हा रब्बी तारफोन फक्त ऑलिव्ह तेलाचा आग्रह धरतात आणि इतर पंडित तिळाचे, अक्रोडाचे, मुळ्याच्या बियांचे, माशाचेही तेल चालेल असे म्हणतात. तालमूदमध्ये रब्बी योहानान बेन नूरी यांचा आक्षेप नोंदलेला आहे. ज्यांच्याकडे तिळाखेरीज तेल नाही त्या बाबिलोनच्या लोकांनी काय करावे, असे ते विचारतात. ही चर्चा दिव्याची आहे, भांड्याची नव्हे. पण तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. तिळाच्या तेलावर जगणारे यहुदी त्या काळीही होते, आणि त्यांना कोणी उणे लेखले नाही.

पुढे युरोपात पाहा. उत्तरेकडील थंड देशांत ऑलिव्ह पिकत नसे, लोणी मांसाला चालत नसे आणि डुकराची चरबी तर निषिद्धच. म्हणून अश्केनाझी घरांत हंसाची आणि कोंबडीची चरबी वितळवून ठेवीत. स्पेनमध्ये ऑलिव्ह तेल मुबलक होते. तेथील यहुदी डुकराच्या चरबीऐवजी तेलात मांस शिजवीत. 1492 च्या हद्दपारीच्या काळातील इतिवृत्तकार आंद्रेस बेर्नाल्देस याने या तेलाच्या वासाचा तिरस्काराने उल्लेख केला आहे. सक्तीने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांवर अशा स्वयंपाकावरूनही संशय घेतला जाई. कोकणात थांबलेल्या घाण्यावरून आपण ओळखले गेलो, स्पेनमध्ये कढईच्या वासावरून ते ओळखले गेले. फरक इतकाच की आपल्याला त्याची शिक्षा झाली नाही.

मुंबईत स्थायिक झाल्यावर आपला घाणा सुटला. विसाव्या शतकात शेंगदाण्याचे तेल घरोघरी आले, आणि 1937 पासून डालडा. त्यात दूध नसल्याने अनेकांना ते सोयीचे वाटले. गंमत अशी की वनस्पती तुपात निदान 5 टक्के तिळाचे तेल मिसळण्याचा सरकारी नियम होता. साजूक तुपात कोणी ते भेसळले, तर रासायनिक चाचणीत तिळामुळे लाल रंग उमटे आणि लबाडी उघडी पडे. मात्र हायड्रोजनने घट्ट केलेल्या तेलातील ट्रान्स चरबी हृदयाला घातक असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ती अन्नातून हद्दपार करण्याचे आवाहन केले. जुन्या आठवणीखातरही ते डबे पुन्हा घरात आणू नयेत.

आता आजच्या कढईकडे वळू. सॅलड, हुम्मुस, भाजलेली वांगी, शकशुका यांना ऑलिव्ह तेलच शोभते. परंतु मोहरी-कढीलिंबाच्या फोडणीवर त्याचा उग्र स्वाद कुरघोडी करतो. माशाचे कालवण आणि मटणाचा रस्सा यांना कच्च्या तिळाचे फिकट तेल किंवा शेंगदाणा तेल घ्यावे. येथील दुकानांत चिनी पदार्थांशेजारी मिळणारे काळपट तिळाचे तेल भाजलेल्या तिळाचे असते. ते शेवटी थेंबभर घालण्यासाठी आहे, फोडणीसाठी नव्हे. तळणीला शुद्धीकृत शेंगदाणा, कनोला किंवा सोयाबीन तेल चांगले. एकदा तापवलेले तेल पुन्हा पुन्हा वापरू नये. खोबरेल तेलात संपृक्त चरबी सुमारे 90 टक्के असते, म्हणून ते चवीपुरतेच वापरावे. पेसाहला अश्केनाझी सोयरे जेवायला येणार असतील, तर तीळ आणि सोयाबीन यांची तेले त्यांना चालतात का, हे आधी विचारावे. आणि कोणतेही तेल घेतले, तरी एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात, हे मधुमेही आणि हृदयरोगी मंडळींनी विसरू नये.

माझी विनंती एवढीच आहे. हनुकाच्या दिव्यात ऑलिव्ह तेल अवश्य घाला. इतर तेले चालत असली तरी तेच उत्तम, असे आपले पंडित सांगून गेले आहेत. पण ओट्यावर तिळाच्या तेलाची एक लहान बाटली असू द्या. नातवंडांनी ती कशासाठी ठेवली आहे असे विचारले, की त्यांना शनिवार तेल्यांचे नाव सांगा, आणि सांगताना आवाज खाली आणू नका.