जीर्णोद्धाराचा परवाना : एक इतिहास

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

श्रींच्या कलशारोहणाचा मंगल सोहळा आपण सर्वांनी डोळे भरून पाहिला. देणगीदारांची यादी व जमाखर्च या स्मरणिकेत अन्यत्र दिलाच आहे. परंतु एक प्रश्न अनेकांनी, विशेषतः आपल्या मुंबईकर मंडळींनी, वारंवार विचारला : "वर्गणी जमली, दगड आला, मग काम वर्षभर का अडले?" त्याचे उत्तर देणे समितीचे कर्तव्य आहे. काम परवान्यासाठी अडले. या परवान्यामागे मोठा इतिहास आहे व त्यात आपल्या खोऱ्याचाही वाटा आहे.

बांधकामास परवानगी घेणे ही केवळ इंग्रजांनी आणलेली रीत, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, अशी आपल्याकडील जुनी विभागणी. पांढरीत कोणी नवे घर घालायचे म्हटले, तर पाटील व गावकरी यांच्या विचाराने जागा ठरे. पेशवाईत पुणे शहरात रस्ते व घरांची खरेदी-विक्री यांवर कोतवालाची देखरेख असे. नकाशा काढून तो तपासून घेण्याची सक्ती मात्र शहरांतील कायद्यांनी आली. १८८८ सालच्या मुंबई महानगरपालिका कायद्याने घर बांधण्यापूर्वी आयुक्तांस रीतसर सूचना देणे बंधनकारक केले. पुढे १८९६ साली प्लेगाने मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत थैमान घातले आणि १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला. घरात उजेड व वारा किती यावा, हा केवळ मालकाच्या मर्जीचा प्रश्न नाही, हे तेव्हा सर्वांस पटले.

खेड्यांपुरता विचार करता १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम महत्त्वाचा. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे ग्रामपंचायतीच्या पूर्वपरवानगीवाचून इमारत बांधता येत नाही, तशीच ती पुन्हा उभारताही येत नाही. जीर्णोद्धारही या बंधनातून सुटत नाही. देवाचे काम म्हणून कायदा डोळेझाक करीत नाही. सार्वजनिक जागेवर विनापरवाना धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला आहे.

आता आपल्या खोऱ्याकडे वळू. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट गावातील वडीलधारी मंडळी अजून विसरलेली नाहीत. कोयनेच्या भूकंपात क्षणार्धात घरे बसली. तोवर दख्खनचे पठार स्थिर, येथे भूकंपाचे भय नाही, असे जाणकारही समजत. १९७० साली भारतीय मानक संस्थेने देशाचा भूकंप-नकाशा सुधारला, त्यामागे कोयनेचा हा धडा होता. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथील भिंती हात-दोन हात जाड होत्या. तरीही त्या टिकल्या नाहीत, कारण दगड मातीत बसविलेले, आतली व बाहेरची थर वेगळी, दोहोंना बांधणारा आरपार दगड नाही आणि वर मातीच्या माळवदाचे ओझे. भिंतीचे बळ जाडीपेक्षा बांधणीत असते, हे त्या दिवशी कळले.

आपल्या मंदिराचा सभामंडप अशाच भिंतींचा होता. त्याच भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकावा व गाभाऱ्यावर उंच, भरीव शिखर चढवावे, असा आमचा पहिला बेत. उत्साहाच्या भरात आम्ही अर्ज करण्यापूर्वीच पायाची चर खणली. ही आमची चूक होती व ती येथे मोकळेपणाने मान्य करतो. काम थांबवावे लागले. नंतर नकाशे दाखल केले, तेही शेरे मारून परत आले. जुनी भिंत स्लॅबचे वजन पेलणार नाही, पुढच्या पायऱ्या रस्त्याच्या हद्दीत जातात आणि न्यासाच्या मिळकतीच्या नोंदीत अंगणाचा तुकडा नाही, असे ते तीन शेरे.

त्या दिवशीच्या बैठकीत बरेच तापले. "आजोबा-पणजोबांनी कुठे नकाशे काढले होते?" असे एकाने विचारले. त्यावर एक वयोवृद्ध आजी उठल्या. सदुसष्ट साली त्यांचे धाकटे भावंड भिंतीखाली गेले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "यात्रेला पोरंबाळं मंडपातच बसत्यात. भिंत नीट बघून घ्या." पुढे कोणी बोलले नाही.

नकाशा नव्याने केला. मंडपाचा भार स्वतंत्र खांबांवर घेतला. दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून सळईचा काँक्रीट पट्टा चारही भिंतींतून सलग फिरविला. जुना गाभारा चिरेबंदी, शाबूत होता. त्यास हात लावला नाही. नवा मंडप त्यास न खेटता मधे सांधा सोडला, म्हणजे धक्का बसल्यास एकाने दुसऱ्यास ढकलू नये. शिखर हलके केले, पायऱ्या आत घेतल्या व अंगणाची नोंद पुरी केली. एवढ्यात वर्ष गेले.

शेजारच्या गावांना, ज्यांनी हे कार्य मनात धरले असेल त्यांना, आमची नम्र विनंती आहे : आधी जागेचे उतारे व न्यासाची नोंद ताडून पाहा, मग जाणत्या इंजिनिअरकडून जुनी भिंत तपासून घ्या, मगच अर्ज करा, आणि परवाना हातात पडल्याखेरीज कुदळ मारू नका.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपण फूल ना फुलाची पाकळी म्हणून दिलेला पैसा वर्षभर थांबला, तो वाया गेला नाही. यंदाच्या यात्रेत मंडपात लेकरे निर्धास्त झोपली. नकाशावरील शिक्क्याचा अर्थ आम्हांस तेव्हा समजला. मंजूर नकाशाची प्रत काच लावून मंडपात ठेवली आहे. श्रींच्या दर्शनास याल तेव्हा तीही अवश्य पाहावी.