एचआयव्ही आणि अमली पदार्थ: धोका फक्त सुईत नसतो, ओळखीपाळखीच्या जाळ्यातही असतो

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ऑस्टिन नावाचं छोटं शहर आहे. लोकसंख्या साधारण ४,२००. हे शहर ज्या स्कॉट काउंटीत येतं, तिथे एचआयव्हीचे नवे रुग्ण वर्षाला पाचही सापडत नसत. पण नोव्हेंबर २०१४ ते नोव्हेंबर २०१५ या एका वर्षात तिथल्या उद्रेकात १८१ जणांना एचआयव्ही झाल्याचं निदान झालं. पुढे हा आकडा २०० च्या वर गेला.

असं का झालं? ‘एकमेकांच्या सुया वापरल्यामुळे’ हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. सुया अनेक ठिकाणी वाटून घेतल्या जातात. मग काही ठिकाणीच विषाणू वणव्यासारखा का पसरतो? त्यासाठी कोण कोणासोबत नशा करतं, हे पाहावं लागतं.

‘सोशल नेटवर्क’ म्हणजे इथे काय?

फेसबुक किंवा इन्स्टाग्राम नव्हे. सार्वजनिक आरोग्याच्या भाषेत सोशल नेटवर्क म्हणजे माणसांमधल्या प्रत्यक्ष संबंधांचं जाळं. मित्र, भाऊ-बहीण, जोडीदार, शेजारी, एकत्र इंजेक्शन घेणारे.

समजा, एक तरुण फक्त दोन मित्रांसोबत सुई वापरतो. त्याच्या मते धोका दोघांपुरताच आहे. पण त्यातला एक जण आणखी पाच जणांसोबत इंजेक्शन घेत असेल, तर हा तरुण नकळत त्या पाच जणांशीही जोडला जातो. म्हणजेच धोका स्वतःच्या वागण्याइतकाच जाळ्यातल्या आपल्या जागेवर अवलंबून असतो.

शिवाय प्रश्न फक्त सुईचा नाही. पदार्थ विरघळवायचं भांडं, पाणी, गाळण्यासाठीचा कापूस या गोष्टीही वाटून घेतल्या जातात. त्यातूनही संसर्ग होऊ शकतो.

ऑस्टिनमध्ये काय घडलं?

तिथे ऑक्सिमॉर्फोन हे वेदनाशामक औषध इंजेक्शनने घेतलं जात होतं. त्याचा अंमल लवकर उतरतो, म्हणून काही जण दिवसातून ४ ते १५ वेळा टोचून घेत. एका वेळी सोबत १ ते ६ जण असत. काही घरांमध्ये तर तीन पिढ्या एकत्र इंजेक्शन घेत होत्या. म्हणजे हे जाळं अनोळखी लोकांचं नव्हतं, विश्वासाच्या माणसांचं होतं. घरच्या माणसाची सुई नाकारणं सोपं नसतं.

विषाणूची जनुकीय तपासणी केली, तेव्हा १५९ नमुन्यांपैकी १५७ नमुने एकमेकांशी अगदी जवळचे निघाले. थोडक्यात, एकच विषाणू एकाच जाळ्यातून वेगाने फिरला होता. ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांना हिपॅटायटिस सी देखील होता. हा आजारही रक्तातून पसरतो.

वेगामागे एक वैद्यकीय कारणही आहे. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणूचं प्रमाण खूप जास्त असतं. त्याच काळात माणसाला स्वतःला काही कल्पना नसते आणि तपासणीही निगेटिव्ह येऊ शकते.

सगळीकडे असंच होतं का?

नाही. अमेरिकेतल्याच कोलोरॅडो स्प्रिंग्स शहरात १९८८ ते १९९२ दरम्यान अशाच जाळ्याचा अभ्यास झाला. तिथेही सुया वाटून घेतल्या जात होत्या. पण एचआयव्ही असलेले बहुतेक लोक जाळ्याच्या कडेला किंवा छोट्या, तुटक गटांत होते. त्यामुळे विषाणूला पुढे जायला वाट मिळाली नाही आणि मोठा उद्रेक टळला. वागणूक सारखी असूनही परिणाम वेगळा झाला.

भारतात काय दिसतं?

म्यानमारच्या सीमेला लागून असलेल्या मणिपूरमध्ये १९८९ मध्ये हेरॉइन टोचून घेणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण जवळपास शून्य होतं. १९९० मध्ये ते ५० टक्क्यांच्या आसपास पोहोचलं. आज देशात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांत मात्र ते कित्येक पटींनी जास्त आहे.

उपाय काय?

जाळ्यातून विषाणू जातो, तशी माहिती आणि मदतही जाते. बाहेरच्या डॉक्टरपेक्षा सोबत बसणाऱ्या मित्राचं लवकर ऐकलं जातं. म्हणून अनेक देशांत, भारतातही, नशा करणाऱ्या किंवा त्यातून बाहेर पडलेल्या लोकांनाच प्रशिक्षण देऊन ‘पीअर’ कार्यकर्ते बनवलं जातं. ते आपल्या ओळखीतल्यांना तपासणीसाठी आणतात आणि निर्जंतुक सुया पोहोचवतात.

याशिवाय तोंडावाटे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देण्याचा उपचार आहे. त्यामुळे इंजेक्शनची गरज कमी होते. एचआयव्हीची औषधं नियमित घेतल्यास रक्तातला विषाणू दबतो आणि पुढे पसरण्याची शक्यता घटते.

सुया वाटल्याने नशा वाढते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. अभ्यासांत मात्र तसं आढळलेलं नाही. भारतात २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा सेवांना कायदेशीर संरक्षण दिलं आहे.

ओळख लपवावी लागली, तर काय होतं?

इंडियानात उद्रेकाआधी सुया बदलून देणारी केंद्रं बेकायदा होती. स्कॉट काउंटीतलं एचआयव्ही तपासणी करणारं केंद्र २०१३ मध्ये बंद पडलं होतं. २६ मार्च २०१५ ला आणीबाणी जाहीर झाल्यावर सुया देण्याची परवानगी मिळाली आणि पुढे नवे रुग्ण कमी झाले. तरीही २०२१ मध्ये काउंटीच्या आयुक्तांनी हा कार्यक्रम बंद करण्याच्या बाजूने २ विरुद्ध १ मत दिलं.

आपल्याकडे ‘गर्दुल्ला’ म्हणून हिणवलं जाणारा माणूस दवाखान्याची पायरी चढायला कचरतो. पोलिसांची भीती असेल, तर तो सोबत्याचं नावही सांगत नाही. मग त्याच्यामागचं अख्खं जाळं आरोग्यसेवेच्या नजरेआड राहतं. त्या जाळ्यात त्याची बायको असते, भाऊ असतो, आणि ज्यांना आपण त्याचा भाग आहोत हेच माहीत नाही, असेही अनेक जण असतात.

एचआयव्हीबद्दल माहिती आणि तपासणी केंद्राचा पत्ता राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या मोफत हेल्पलाइनवर मिळतो.