घातक रसायनांची माहिती : कारखान्यापासून रुग्णालयापर्यंत

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद प्रकल्पात १२ जून २०१४ रोजी पंप हाऊस क्रमांक २ मध्ये झोतभट्टीच्या वायूची गळती झाली. या दुर्घटनेत ६ जणांचा मृत्यू झाला, तर अनेकांना रुग्णालयात दाखल करण्यात आले. या वायूतील प्राणघातक घटक होता कार्बन मोनॉक्साईड.

कार्बन मोनॉक्साईडला रंग वा गंध नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट जोडला जातो. बोटाला लावण्याच्या नेहमीच्या ऑक्सिमीटरला हा फरक ओळखता येत नाही. त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळत नसतानाही यंत्रावरील आकडा समाधानकारक दिसू शकतो. वायूचे नाव ठाऊक असल्यास डॉक्टर त्या आकड्यावर विसंबून राहत नाहीत आणि तात्काळ शुद्ध प्राणवायू सुरू करतात. साध्या हवेत रक्तातील या विषाचे प्रमाण निम्मे होण्यास ४ ते ५ तास लागतात. शुद्ध प्राणवायूमुळे हा अवधी सुमारे दीड तासावर येतो.

माहितीअभावी काय घडते, हे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये दिसून आले. युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट बाहेर पडले, तेव्हा हजारो रुग्णांवर कोणते उपचार करावेत, याची पुरेशी माहिती डॉक्टरांकडे नव्हती.

त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-ख समाविष्ट करण्यात आले. धोक्यांची माहिती कामगार, मुख्य कारखाने निरीक्षक, स्थानिक प्राधिकरण आणि परिसरातील जनतेला देणे त्यान्वये बंधनकारक झाले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा स्वतंत्र उल्लेख मात्र या यादीत नव्हता. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक ठेवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. प्रथमोपचार आणि विषारी परिणामांचा तपशील या पत्रकात असतो.

अमेरिकेतील नियम याहून स्पष्ट आहे. तातडीच्या प्रसंगी रसायनाचे नाव व्यापारी गुपित असले, तरी ते उपचार करणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकाला तात्काळ सांगावे लागते. गोपनीयतेचा लेखी करार नंतर करता येतो.

मोठ्या प्रकल्पाचे स्वतःचे रुग्णालय असू शकते. परंतु गळती कुंपणाबाहेर पसरल्यास रुग्ण प्रथम जवळच्या दवाखान्यात जातात. त्यामुळे भिलाई-३ सारख्या औद्योगिक शहरालगतच्या वस्त्यांमधील डॉक्टरांपर्यंतही ही माहितीपत्रके दुर्घटनेपूर्वीच पोहोचणे आवश्यक ठरते.