जहाजावर रांग कुठून आली?

अॅडमिरल नेल्सनच्या काळातले लाल डगले चढवून रॉयल मरीन, म्हणजे लढाऊ जहाजांवरचे सैनिक, उभे करणारे हौशी गट ब्रिटनमध्ये आहेत. कवायत जितकी काटेकोर तितका इतिहास खरा, हे मत या छंदात आणि त्याच्या प्रेक्षकांत पक्के रुजलेले. पावले एकदम पडावीत, बंदुका एकदम खांद्यावर जाव्यात, सार्जंटने गळ्याच्या शिरा ताणून ओरडावे. यात कसूर झाली की उरते ती नुसती वेशभूषा स्पर्धा, असे म्हणतात.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे, म्हणून सगळी भिस्त एकदम झडणाऱ्या फैरीवर. मिनिटाला दोन-तीन बार काढायचे तर काडतूस दातांनी फोडण्यापासून चाप ओढण्यापर्यंत प्रत्येक हालचाल हाताला पाठ हवी. डेव्हिड डंडासच्या ग्रंथावर बेतलेले कवायतीचे नियम १७९२ मध्ये ब्रिटिश सैन्याला लागू झाले. चॅटम, पोर्ट्समथ आणि प्लिमथ या ठाण्यांवर मरीनही कवायत घोटतच असत. इथवर वाद नाही.

वाद जहाजावर पाऊल ठेवल्यावर सुरू होतो. डंडासचे नियम मोकळ्या रानात सरकणाऱ्या पलटणींसाठी होते. फ्रिगेटसारख्या लढाऊ जहाजावर रान कुठले? आपल्याच मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ मध्ये पाण्यात उतरली; आज ती हार्टलपूलच्या संग्रहालयात आहे. तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट, रुंदी जेमतेम ४०. त्यातच तोफा, डोलकाठ्यांचे बुंधे आणि दोरखंडांची वेटोळी. एवढ्या जागेत रांगेने वळण घेऊन दाखवणाऱ्याने आपण कशाकशाला अडखळलो, हेही सांगावे.

ट्रफाल्गरच्या सागरी लढाईची साक्ष तर थेट पूर्वपक्षाच्या विरुद्ध जाते. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या मागच्या पूप डेकवर मरीन रांगेत उभे होते. जोडगोळ्याच्या एकाच तडाख्यात त्यांतले आठ जण ठार झाले. ते पाहताच नेल्सनने मरीनच्या कॅप्टन अडेअरला सांगितले, माणसे जहाजभर पांगव. एकत्र राहिली तर अशीच मरतील. ही हकीकत जहाजाचा शल्यवैद्य विल्यम बीटी याने लिहून ठेवली आहे. त्या दिवशी पांगणे ही ढिलाई नव्हती, तो हुकूम होता. पुढे नेल्सन कोसळला तेव्हा त्याला खाली नेणाऱ्यांत मरीनचा सार्जंट सेकर आणि दोन खलाशी होते. रांगेतला आणि रांगेबाहेरचा हा भेद लढाईत इतका पातळ होता.

लढाई नसलेल्या दिवसांचे चित्र तर आणखी वेगळे. डोलकाठीवर चढण्याची सक्ती मरीनवर नसे. पण दोर ओढायचे, कॅप्स्टनचा रहाट फिरवून नांगर वर घ्यायचा, तोफेवर खलाशांच्या जोडीने राबायचे. अशा कामाला लाल डगला कोण घालतो? तो पहाऱ्यासाठी आणि समारंभासाठी राखून ठेवायचा. मरीनची शिस्त दिसायची ती पहाऱ्यावर: कप्तानाच्या दाराशी, दारूगोळ्याच्या कोठाराशी आणि पिण्याच्या दारूच्या कोठीशीही. या दोन दारूंपैकी कुठली जास्त धोक्याची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कवायतीने माणसाचे यंत्र होते, हे या मताच्या तळाशी असलेले गृहीतही तपासायला हवे. आरमारातल्या खलाशांच्या १७९७ च्या स्पिटहेडच्या बंडात ‘लंडन’ जहाजावर अॅडमिरल कोलपॉइसने खलाशांना बळाने दडपू पाहिले, तेव्हा बहुतेक मरीन खलाशांना जाऊन मिळाले. कवायत त्यांनाही शिकवली होतीच. शिवाय खऱ्या सार्जंटच्या आवाजामागे चाबूक उभा असे. रविवारी हौसेने जमलेल्या माणसावर तोच आवाज चढवणे मला तरी नाटकीच वाटते.

खुद्द हे गटही पोथीतली कवायत पूर्ण करत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. कित्येक गट प्रयोगात बंदूक ठासण्याचा गज नळीत घालतच नाहीत, कारण घाईत विसरलेला गज भाल्यासारखा सुटतो. नळीही समोरच्याच्या डोक्यावरून वर धरतात. पूर्वपक्षाची फूटपट्टी लावली तर हा दोष ठरेल. मला मात्र हीच या छंदातली सर्वांत अस्सल शिस्त वाटते.

मग काय ठेवावे? बंदूक हाताळण्याची कवायत ठेवावी, तीही कडक: चकमक तपासणे, खटका अर्ध्यावर चढवणे, दारू कोरडी राखणे. आठ माणसांची ‘पलटण’ करून मैदानात फिरवणे सोडावे. त्याऐवजी पहारा बदलून दाखवावा, अंगरखे काढून दोर ओढून दाखवावेत. रांग हवीच असेल तर तिलाही जागा आहे. अधिकारी जहाजावर चढताना मरीन रांगेतच सलामी देत. आणि १४ मार्च १७५७ रोजी ‘मोनार्क’च्या डेकवर अॅडमिरल बिंगला मृत्युदंड म्हणून गोळ्या घातल्या, तेव्हाही मरीन रांगेतच उभे होते.