कलकत्त्याचा बांबू ते कार्बनचा तंतू : अमेरिकेतील बास मासेमारीच्या साधनांचा इतिहास

प्रस्तावना

वस्तूंच्या आधारे इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच शस्त्रे, नाणी, वस्त्रे आणि शेतीची अवजारे यांकडे जाते. विरंगुळ्याच्या वस्तू त्या मानाने उपेक्षित राहतात. गळाने मासे पकडण्याची काठी ही अशीच एक उपेक्षित वस्तू होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘ब्लॅक बास’ या गोड्या पाण्यातील माशाची गळाने केली जाणारी मासेमारी गेल्या दीडशे वर्षांत अत्यंत लोकप्रिय छंद आणि त्यासोबतच एक मोठा उद्योग बनली. काठी किती लांब असावी, दोर कशाचा असावा, चक्री कोणती घ्यावी, हे प्रश्न या छंदावरील लेखनात सातत्याने विचारले गेले. उत्तरे मात्र जवळजवळ प्रत्येक पिढीत बदलत गेली. साधनांची निवड माशाच्या स्वभावावरून व पाण्याच्या जातीवरून करावी, असे छंदिष्ट सांगतात व ते खोटे नाही. तथापि निवड करण्यासाठी समोर काय उपलब्ध आहे, हे बंगालचा बांबू, जपानचे रेशीम, दुसरे महायुद्ध आणि टेनेसी नदीवरील धरणे यांनी ठरविले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच दृष्टीने येथे काही साधनांचा मागोवा घेतला आहे.

माशाच्या नावाविषयी प्रारंभीच खुलासा करणे आवश्यक आहे. ब्लॅक बास हा युरोपीयांना परिचित असलेल्या सागरी बासच्या कुळातला नाही. तो उत्तर अमेरिकेतील ‘सनफिश’ कुळातला मासा आहे. लासेपेद या फ्रेंच प्रकृतिशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये त्याच्या प्रजातीला ‘मायक्रोप्टेरस’, म्हणजे ‘लहान पराचा’, असे नाव दिले. त्याच्यासमोर आलेल्या नमुन्याचा पाठीवरील पर मागच्या बाजूस तुटलेला होता आणि तुटलेला तुकडा हाच त्या माशाचा विशेष मानला गेला. दुखापतीवरून पडलेले हे नाव शास्त्रात आजही कायम आहे. या विषयात नावे फसवी असतात, याचा प्रत्यय पुढेही येईल.

घड्याळजी आणि वैद्य

बास मासेमारीचे पहिले खास साधन काठी नव्हे, तर चक्री होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत केंटकी राज्यातील पॅरिस या गावी जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने दातेरी चाकांची चक्री बनविली. मूठ एकदा फिरविली की दोराचे रीळ अनेक वेळा फिरावे, ही तिची युक्ती. दातेरी चाकांच्या चक्र्या इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातच तयार होत असत. त्यामुळे स्नायडरला मूळ शोधक म्हणणे योग्य होणार नाही. परंतु घड्याळजीच्या हातची सफाई या वस्तूत आली ती केंटकीत. पुढे फ्रँकफर्ट येथील मीक बंधू व मायलम यांनी ती परंपरा चालविली. एकेक चक्री हाताने घडविली जाई आणि ती सधन माणसालाच परवडे. चक्री घेणाऱ्यांत न्यायाधीश, जमीनदार व वकील असत. त्याच नद्यांच्या काठी गरीब गोरे शेतकरी व गुलामगिरीतील कृष्णवर्णीय लोक नदीकाठच्या वेताची लांब काठी तोडून, तिच्या टोकाला दोर बांधून पोटासाठी तोच मासा धरीत. त्यांना चक्रीची गरजच नव्हती.

ही दरी ज्याने शब्दांत मांडली तो जेम्स अलेक्झांडर हेन्शॉल (१८३६–१९२५) व्यवसायाने वैद्य होता. त्याचा ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ हा ग्रंथ १८८१ मध्ये सिनसिनाटी येथे प्रसिद्ध झाला. त्या काळी पूर्व किनाऱ्यावरील प्रतिष्ठित मंडळी ट्राउट व सामन या माशांनाच मानाचे स्थान देत. बास हा पश्चिमेकडील व दक्षिणेकडील सामान्य लोकांचा मासा समजला जाई. हेन्शॉलने त्याची तरफदारी हिरिरीने केली आणि त्याबरोबर आणखी एक मागणी पुढे मांडली : या माशासाठी स्वतंत्र काठी हवी. वेताची लांब काठी त्याला ओबडधोबड वाटे. ट्राउटची काठी जिवंत छोट्या माशाचे आमिष लांब फेकण्यास दुबळी पडे. त्याने सुचविलेली काठी सव्वाआठ फुटांची होती.

हेन्शॉलचे मोजमाप तांत्रिकदृष्ट्या योग्य होते, यात शंका नाही. परंतु त्याचा ग्रंथ वाचताना जाणवते की, काठीची लांबी ठरविताना तो माशाचा दर्जाही ठरवीत होता आणि काठी हाती धरणाऱ्या माणसाचाही. लांब वेत हे पोट भरणाऱ्याचे साधन, तर चक्री असलेली आखूड काठी रसिकाचे, अशी विभागणी येथे पक्की होते. साधनांच्या इतिहासात हा मुद्दा सहसा गाळला जातो.

हेन्शॉलची सव्वाआठ फुटी काठी फार काळ टिकली नाही. शतकाच्या अखेरीस शिकागो व मिशिगनच्या परिसरात होडीत बसून डोक्यावरून आमिष फेकण्याची रीत रूढ झाली आणि काठी सहा फुटांवर आली. मिशिगनमधील डोवाजियाक येथील हेडन कुटुंबाने लाकडी आमिषांचा कारखाना काढला. जड लाकडी आमिष फेकण्यास आखूड काठी सोयीची ठरे. तेथून जवळच कलामझू येथे विल्यम शेक्सपिअर या उद्योजकाने १८९७ मध्ये कंपनी स्थापन केली. दोर रिळावर एका जागी न साठता सारखा गुंडाळला जावा, अशी यंत्रणा त्याने चक्रीला जोडली. नाटककाराशी त्याचा संबंध नाही, हे सांगावयास नकोच.

कलकत्ता आणि टॉन्किन

काठी कशाची असावी, या प्रश्नात भारताचा प्रत्यक्ष संबंध येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगली काठी लाकडाची असे : स्थानिक अॅशचे लाकूड, वेस्ट इंडिज बेटांतील लान्सवुड, गयानातील ग्रीनहार्ट. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथे बंदुका व व्हायोलिन बनविणारा सॅम्युएल फिलिप बांबूच्या चिरफाळ्या एकमेकींना चिकटवून काठी बनवू लागला. पुढे मेन राज्यातील बँगोर येथे हायरम लेनर्डने सहा त्रिकोणी पट्ट्यांची षट्कोनी काठी यंत्राच्या साहाय्याने तयार केली. बांबूचे बळ त्याच्या सालीलगतच्या तंतूंत असते. आतला भुसभुशीत भाग काढून टाकावयाचा व सालीचा भाग सर्व बाजूंनी बाहेर राहील अशा रीतीने पट्ट्या जोडावयाच्या, हे या कारागिरीचे मर्म होय.

या काठ्यांसाठी लागणारा बांबू ‘कलकत्ता केन’ या नावाने येई. तो कलकत्ता शहरात उगवत नव्हता. ते त्याचे बंदर होते. ही वनस्पती डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असावी, असे सामान्यतः मानले जाते. विदर्भातील जंगलांत याच जातीला मानवेल म्हणतात. या बांबूवर जळल्याचे काळपट डाग असत व ते टाळून पट्ट्या काढताना बराच माल वाया जाई. अमेरिकन कारागिरांची नावे, त्यांची गावे, त्यांचे भांडणतंटे यांची बारीकसारीक नोंद संग्राहकांनी करून ठेवली आहे. बांबू तोडणाऱ्या, वाहून आणणाऱ्या हातांविषयी मात्र या साहित्यात जवळजवळ काहीच सापडत नाही. वसाहतकालीन कच्च्या मालाच्या इतिहासात कापूस, ताग व नीळ यांना आपण स्थान दिले आहे. बांबूचा हा व्यापार आकाराने त्यांच्यापुढे नगण्य असला, तरी त्याची रचना वेगळी नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बांबूची जागा ‘टॉन्किन’ बांबूने घेतली. हाही टॉन्किनचा, म्हणजे उत्तर व्हिएतनामचा, नव्हे. तो दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातला. त्याची पेरे लांब, गाठी कमी उठावाच्या व तंतुमय थर जाड असतो. फ्लॉइड मॅक्लूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १९५० मध्ये कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. तो निर्बंध १९७१ पर्यंत राहिला आणि मधल्या वीस वर्षांत बांबूची काठी सामान्य बाजारातून जवळपास नाहीशी झाली. मात्र केवळ निर्बंधाने ती गेली, असे म्हणता येत नाही. तिची जागा घेणारी वस्तू आधीच तयार होती. ओहायोतील रसायनतज्ज्ञ आर्थर हॉवल्ड याने काचतंतू व राळ यांपासून काठी बनविण्याची पद्धत शोधली आणि महायुद्ध संपताच शेक्सपिअर कंपनीने तशा काठ्या बाजारात आणल्या. काचतंतूची काठी जड व काहीशी सुस्त असे. परंतु ती स्वस्त होती, कुजत नव्हती आणि होडीत आपटली तरी तुटत नव्हती.

दोराची कथा

दोराची कथा अधिक उद्बोधक आहे, कारण तिच्यात बदल एकाएकी झाला. १९४० पूर्वीचा उत्तम दोर विणलेल्या रेशमाचा असे. दिवसभर वापरलेला दोर संध्याकाळी रिळावरून उलगडून वाळवावा लागे. अन्यथा तो कुजे. दोराच्या टोकाशी, आमिषाजवळ, पारदर्शक ‘गट’ जोडीत. हा गट स्पेनमधील मुर्सिया प्रांतात तयार होई. कोश विणण्याच्या बेतात असलेला रेशीमकिडा व्हिनेगरमध्ये बुडवून त्याच्या रेशीमग्रंथी बाहेर काढीत व ताणून त्यांचा एकसंध धागा करीत. तो भिजवल्याशिवाय गाठ मारता येत नसे. कच्च्या रेशमासाठी अमेरिका प्रामुख्याने जपानवर अवलंबून होती. जुलै १९४१ मध्ये अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठविली आणि हा पुरवठा तुटला.

त्यापूर्वीच ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स याच्या गटाने १९३५ मध्ये नायलॉन तयार केले होते. १९३८ मध्ये त्याची जाहीर घोषणा झाली. नायलॉनचा एकसंध धागा, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला तंगूस म्हणतात तो, न कुजणारा व पाण्यात सहसा न दिसणारा होता. प्रारंभीचा धागा ताठ असे. रिळावरून सुटताच स्प्रिंगसारखा उसळे. युद्धकाळात नायलॉन हवाई छत्र्यांकडे वळले. या नव्या धाग्यास जुनी केंटकी पद्धतीची चक्री मानवत नव्हती. त्याला हवी होती न फिरणाऱ्या रिळाची चक्री, आणि ती एका कापडगिरणीच्या मालकाने कधीच शोधून ठेवली होती. ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. गिरणीतील बॉबिनच्या टोकावरून सूत सुटते, तसाच दोर सुटावा, ही त्याची कल्पना. कल्पनेला साजेसा धागा मिळण्यास चाळीस वर्षे लागली.

या कल्पनेचे अमेरिकन रूप टल्सा, ओक्लाहोमा येथे जन्मले. तेथील ‘झीरो अवर बॉम्ब कंपनी’ तेलविहिरींत वापरावयाचे वेळ लावलेले स्फोटक बनवीत असे. त्या धंद्याचे भवितव्य संपत आले असता आर. डी. हल हा टेक्सासचा घड्याळजी त्यांच्याकडे एक नमुना घेऊन आला. वाणसामानाच्या दुकानात पुडी बांधताना स्थिर गुंडीवरून सुतळी सहज सुटते, हे त्याने पाहिले होते. १९४९ मध्ये त्याची झाकणबंद चक्री बाजारात आली. ‘झेबको’ हे तिचे नाव मूळ कंपनीच्या आद्याक्षरांवरून पडले. अंगठ्याने कळ दाबली की आमिष दूर जाई. गुंत्याची भीती नाही, शिकण्याची यातायात नाही. केंटकीच्या घड्याळजीने ही कला थोड्यांची केली. टेक्सासच्या घड्याळजीने ती कोणाही शाळकरी पोराच्या हाती दिली. तज्ज्ञ मंडळी या चक्रीला आजही नाक मुरडतात, त्यामागे हेन्शॉलचाच वारसा आहे.

धरणे आणि स्पर्धा

टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीची स्थापना १९३३ मध्ये झाली व नॉरिस धरण १९३६ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतरच्या तीन दशकांत दक्षिणेकडील अनेक नद्यांवर अवाढव्य जलाशय उभे राहिले. बुडालेली गावे आणि विस्थापित झालेली कुटुंबे हा त्याचा एक इतिहास. बुडालेल्या जंगलांत वाढलेला बास हा दुसरा. पाण्याखालच्या झाडांच्या फांद्यांतून मासा ओढून काढण्यास नाजूक काठी व बारीक दोर निरुपयोगी होते. तशात ओहायोतील निक क्रीम याने १९४९ मध्ये प्लास्टिकचे मऊ गांडूळ बनविले. ते तळाशी सरपटवावयाचे व माशाने धरताच जोराने झटका द्यावयाचा. त्यासाठी ताठ काठी व जाड दोर हवा. अशा रीतीने सरकारी धरणांनी काठीचा ताठपणा ठरविला.

माँटगोमेरी, अलाबामा येथील विमा विक्रेता रे स्कॉट याने जून १९६७ मध्ये आर्कान्सातील बीव्हर जलाशयावर मोठी स्पर्धा भरविली व पुढील वर्षी ‘बास’ ही संघटना स्थापन केली. तेव्हापासून साधनांची निवड स्पर्धेच्या नियमांशी बांधली गेली. कॅलिफोर्नियातील मच्छीमार बारा फुटी काठीने दाट लव्हाळ्यात आमिष सोडीत. स्पर्धांनी लांबीवर मर्यादा घातली, तेव्हा डी थॉमस याने सात-साडेसात फुटी काठीने तीच करामत साधली. वेताच्या लांब काठीचे तंत्र असे मागच्या दाराने परत आले; त्याला ‘फ्लिपिंग’ हे नवे नाव मिळाले, एवढेच. १९७३ च्या सुमारास फेनविक कंपनीने विमान-उद्योगासाठी विकसित झालेल्या कार्बनतंतूंची काठी आणली. ती वजनाने इतकी हलकी होती की काचतंतूचे दिवस भरले.

साधनांच्या हव्यासाला स्कॉटने एकदा लगाम घातला. १९७१ मध्ये मीड जलाशयावर झालेल्या पहिल्या ‘बासमास्टर क्लासिक’ स्पर्धेत चोवीस स्पर्धकांना कोठे नेले जात आहे, हे विमान उडेपर्यंत सांगितले नव्हते आणि प्रत्येकास केवळ दहा पौंड साहित्य बरोबर घेण्याची मुभा होती. आर्कान्साचा बॉबी मरे तेथे विजयी झाला.

आता सर्वांत मोठ्या बासची नोंद. मंदीच्या काळात, २ जून १९३२ रोजी, जॉर्जिया राज्यातील जॉर्ज पेरी या विशीतल्या शेतकरी तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. तो व त्याचा सोबती यांच्यात मिळून एकच आमिष होते. मासिकाच्या स्पर्धेत त्याला ७५ डॉलरचे साहित्य मिळाले व मासा घरच्यांनी खाल्ला. या विक्रमाची बरोबरी झाली ती २००९ मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात. तेथे हा मासा उपरा असून, जपानने २००५ मध्ये त्याला कायद्याने घातक परकीय प्रजाती ठरविले आहे. मानाबू कुरिता याच्या माशाचे वजन पेरीच्या माशाहून जेमतेम एक औंस अधिक भरले. नवा विक्रम ठरण्यास दोन औंसांचा फरक आवश्यक असल्याने दोन्ही नोंदी समान मानल्या गेल्या. कुरिताने आमिष म्हणून जिवंत छोटा मासा लावला होता.