बासरी बदलताना

गावची जत्रा झाली की पुढे आठ-दहा दिवस घरोघरी बासऱ्या वाजत असतात. मग त्या कुठेतरी आढ्याला खोचल्या जातात आणि विसरल्याही जातात. पण त्यात एखादा मुलगा असा निघतो की त्याची बासरी काही थांबत नाही. गाणे कानावर पडले की ते बासरीवर काढायचे, हा त्याचा नाद. आणि एके दिवशी तो शाळेत येऊन विचारतो, "गुरुजी, हिच्यावर खालचे सूर निघत नाहीत. दुसरी चांगली बासरी कोणती घेऊ?"

आता गुरुजींनी काय सांगावे? प्रश्न पोरवयाचा वाटतो खरा. पण हाच प्रश्न एका थोर कलावंताला पडला होता आणि त्याच्या उत्तराने बासरीचे नशीब पालटले. त्या कलावंताचे नाव पन्नालाल घोष.

पन्नालालांचा जन्म १९११ सालचा, बारिसालचा. हे गाव आज बांगलादेशात आहे. १९४० साली ते मुंबईला आले आणि तिथल्या चित्रपटसृष्टीत काम करू लागले. त्या काळी बासरी म्हणजे गुराख्याचे वाद्य, लोकगीताला आणि नाटक-सिनेमाच्या गाण्याला साथ करणारे वाद्य, अशीच समजूत होती. हिंदुस्थानी संगीताच्या बैठकीत तिने मध्यभागी बसून ख्याल आळवावा, हे फारसे कुणाच्या मनात येत नव्हते. याला कारणही तसेच होते. आखूड बासरीचा आवाज बारीक आणि चढा. खर्जातली संथ आलापी तिला पेलत नसे.

पन्नालालांना तर बासरी गळ्यासारखी गायला हवी होती. मग उपाय काय? नळी जितकी लांब, तितका तिच्यातला हवेचा स्तंभ लांब आणि सूर तितका खालचा, हा निसर्गाचा नियम. निरनिराळे पदार्थ आणि निरनिराळ्या लांब्या पारखून ते शेवटी बांबूवरच स्थिरावले आणि सुमारे ३२ इंच लांबीची बासरी त्यांनी सिद्ध केली. खर्जातला तीव्र मध्यम मिळावा म्हणून करंगळीसाठी सातवे भोकही पाडले.

पण मंडळी, वाद्य वाढले की हातालाही वाढावे लागते, बरं का! लांब बासरीची भोके मोठी आणि एकमेकांपासून दूर. बोटांच्या टोकांनी ती झाकत नाहीत. बोटे ताणून मधल्या पेरांनी झाकावी लागतात. फुंकही अधिक लागते. म्हणजे नामांकित वादकालासुद्धा पुन्हा श्रीगणेशा! पन्नालालांना त्याची लाज वाटली नाही. एवढे नाव झाल्यावरही १९४७ साली ते उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य झाले. १९५६ साली दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक म्हणून गेले आणि १९६० साली, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, तिथेच वारले. पण तोवर बासरी बैठकीत मानाने बसली होती. पुढे त्यांचे शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर आणि मुर्डेश्वरांचे पुण्यातील शिष्य केशव गिंडे यांनी ती परंपरा चालवली.

दूर युरोपातही असाच पेच पडला होता. म्युनिकचा थेओबाल्ड बोम हा सोनारकाम शिकलेला बासरीवादक. १८३१ साली लंडनला त्याने चार्ल्स निकल्सन या वादकाची मोठ्या भोकांची बासरी ऐकली आणि आपली बासरी किती दुबळी आहे हे त्याला उमगले. १८३२ साली त्याने नव्या रचनेची बासरी केली आणि १८४७ साली सरळ नळीची. भोके सुरांच्या हिशेबाने पाडली आणि बोटे पोहोचेनात तिथे चाव्या बसवल्या. पण या बासरीवर बोटे ठेवायची रीतच नवी! जुने वादक बिथरले. पॅरिसच्या संगीत विद्यालयात तुलू नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी अखेरपर्यंत जुनीच बासरी धरून ठेवली. ते निवृत्त झाल्यावर १८६० साली दोरूस आले, तेव्हा कुठे नव्या बासरीला तिथे जागा मिळाली.

तुलूंना हसू नका. आयुष्यभर कमावलेला हात मोडून नवा घडवायचा, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. चांगल्या वाद्याची खरी किंमत पैशांत नसते. ती या पुन्हा शिकण्यात असते.

तर मग त्या मुलाला काय सांगायचे? पहिले हे, की एकदम ३२ इंची बासरी हाती देऊ नका. बोटे ताणून मूल कंटाळेल. आधी पांढरी पाचची मधली बासरी घ्यावी, हात रुळला की पांढरी तीनची. दुसरे, रंग आणि रेशमी धागे पाहून भुलू नका. पेटी जवळ घेऊन बसा. सहाही भोके झाकून हलके फुंकले की खालचा पंचम निघतो. तशीच बोटे ठेवून जोर वाढवला की वरचा पंचम निघतो. दोन्ही पेटीशी जुळले, तर बासरी सुरात आहे असे समजायला हरकत नाही. खालच्या पंचमात नुसती हवा फुसफुसत असेल, तर ती ठेवून द्यावी. चीर गेली आहे का, तेही उजेडात पाहावे. आणि भोके सहा की सात, यावर अडून बसू नका. हरिप्रसाद चौरसियांनी सहा भोकांच्या बासरीवरच जग जिंकले.

आणि शेवटचे. नवी बासरी आली म्हणून जुनी फेकू देऊ नका. पहिला सूर तिनेच दिला आहे. ती धाकट्या भावंडाच्या हाती द्या. आणि नव्या बासरीतून पहिले काही दिवस सूरच निघेना, तर त्या मुलाला पन्नालालांची ही गोष्ट सांगा.