पालकांचा जिव्हाळा आणि समवयस्कांमुळे येणारा ताण

समवयस्कांमुळे येणारा ताण सोसताना कुमारवयीन मुलांना पालकांच्या जिव्हाळ्याचा होणारा उपयोग हा विकासात्मक मानसशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. आपण आईवडिलांना हवेसे आहोत, हे त्यांच्या बोलण्यातून, स्पर्शातून आणि दिलेल्या वेळातून मुलाला जाणवणे म्हणजे जिव्हाळा. सर्व हट्ट पुरवणे असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६० च्या दशकात वर्णिलेल्या पालकत्वाच्या एका शैलीत जिव्हाळा आणि ठाम शिस्त या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात.

== ताणाचे स्वरूप ==

साधारण १० ते १४ या वयात मित्रमैत्रिणींच्या मताला मोठे महत्त्व येते. त्यामुळे चिडवणे, गटातून वगळणे, अफवा पसरवणे किंवा दमदाटी करणे यांचा घाव खोल असतो. मोबाइलवरील थट्टा शाळा सुटल्यानंतरही थांबत नाही.

== कार्यपद्धती ==

सामाजिक आधार मिळाल्यास ताणाचा दुष्परिणाम सौम्य होतो, या गृहीतकाचा आढावा शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स यांनी १९८५ मध्ये घेतला. घरात स्वीकार अनुभवलेले मूल मित्रांच्या नकारावरून 'माझ्यातच खोट आहे' असा निष्कर्ष सहसा काढत नाही. शिवाय घडलेली गोष्ट घरी सांगण्याची भीती त्याला कमी वाटते. हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांच्या २००० मधील स्वीडनमधील अभ्यासानुसार, पालकांना मुलांविषयी असलेली माहिती पाळत ठेवण्यापेक्षा प्रामुख्याने मुलांनी आपणहून सांगण्यातून मिळते.

== संशोधन ==

इंग्लंड आणि वेल्समधील १,११६ जुळ्यांच्या जोड्यांवरील अभ्यासाचे निष्कर्ष ल्युसी बोव्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. दमदाटी सोसलेल्या मुलांपैकी ज्यांना आईचा जिव्हाळा, भावंडांची माया आणि घरात प्रसन्न वातावरण लाभले होते, त्यांच्यात भावनिक व वर्तनविषयक समस्या तुलनेने कमी आढळल्या. एकसारख्या जुळ्यांची आपसांत तुलना केल्यावर आईच्या जिव्हाळ्याचा प्रभाव केवळ आनुवंशिकतेमुळे नसल्याचे दिसले.

== मर्यादा ==

वयानुसार हा परिणाम बदलतो. कॅमेलिया होस्टिनार, अ‍ॅना जॉन्सन आणि मेगन गुन्नार यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना परीक्षकांसमोर भाषण करायचे होते. तयारीच्या वेळी पालक सोबत असल्यास ९-१० वर्षांच्या मुलांत कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची वाढ रोखली गेली. १५-१६ वर्षांच्या मुलांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. यावरून मोठ्या मुलांना पालकांची गरज उरत नाही, असे सिद्ध होत नाही. केवळ सोबत असण्याने शरीरावर होणारा परिणाम वयाबरोबर घटतो, एवढेच त्यातून दिसते.

जिव्हाळ्यामुळे दमदाटी आपोआप थांबत नाही. ती थांबवण्याची जबाबदारी शाळा आणि इतर प्रौढांवरही असते. घरचा आधार मुलाला ती एकट्याने सोसावी लागू नये यासाठी उपयोगी पडतो.